झाडीपट्टीचं नाटक: हक्क राखावेत की मोकळं सोडावं?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वैनगंगेकाठच्या एका गावातून, एका तरुण नाटककाराने विचारलं आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: “मी दोन नाटकं लिहिली. पहिलं ३ वर्षांपूर्वी वडशाच्या (देसाईगंजच्या) एका नाटक कंपनीला ८,००० रुपयांत दिलं, लिहापढी काहीच केली नाही. यंदा दुसऱ्याच एका मंडळाने नाव बदलून तेच नाटक लावलं, पॅम्प्लेटवर माझं नाव नाही. कुणीतरी त्याचं शूटिंग यूट्यूबवर टाकलं, ४० हजार लोकांनी पाहिलं. शिवाय घरी आजोबांची दंडारीच्या (इथल्या लोकनाट्याच्या) गाण्यांची वही आहे. बाबा म्हणतात, सगळ्याचं कॉपीराईट करून घे. पुण्यात शिकणारा मित्र म्हणतो, क्रिएटिव्ह कॉमन्स टाक, कला मोकळी असली पाहिजे. दोघांचंही पटतं. मी काय करू?”

भाऊ, मी चंद्रपूर-गडचिरोली भागात २४ वर्षं वकिली करतो. त्याआधी माझं बालपण झाडीपट्टीच्या नाटकांत गेलं, कारण माझे वडील प्रॉम्प्टर होते. भाऊबीज झाली की ते घरातून निघत आणि होळीपर्यंत मुक्कामाला क्वचितच येत. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो. लेखकाचं नाव गेलं की काय वाटतं ते मी पाहिलंय, आणि एकाची संहिता दुसऱ्याच्या हाती गेली म्हणूनच आपली रंगभूमी गावोगाव पोचली, हेही मी पाहिलंय.

तुम्ही “कॉपीराईट की मोकळं” असं विचारता, पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यात तीन वेगळे प्रश्न दिसले. पॅम्प्लेटवर नाव नाही, याचा राग हा एक. तिकीट लावून प्रयोग झाले आणि तुम्हाला छदाम मिळाला नाही, हा दुसरा. आपलं नाटक आणि आजोबांची गाणी लोकांपर्यंत जावीत, ही इच्छा तिसरी. या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. बाबा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात, मित्र तिसऱ्याचं. पहिल्याकडे कुणाचंच लक्ष नाही, आणि मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय ते तेच.

एक गैरसमज आधी दूर करतो. कॉपीराईट “करून घ्यावा” लागत नाही. तुम्ही वहीत नाटक लिहून काढलं त्या क्षणी १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो तुमचा झाला. नोंदणी हा पुरावा आहे, हक्काचा जन्म नाही. आणि क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर आपली कृती सगळ्यांना वापरू देणारा तयार परवाना, हा कॉपीराईटचा शत्रू नाही, तो कॉपीराईटवरच उभा आहे. मालक आहे म्हणूनच तो म्हणू शकतो की “या अटींवर घ्या”. ज्याच्या नावावर बांधीच (धानाचं शेतच) नाही, त्याने ती गावाला चराईसाठी मोकळी केली असं म्हणण्यात काय अर्थ? म्हणून मोकळं करायचं असेल तरी आधी कागद नीट करावे लागतील.

आता पहिलं नाटक. ८,००० घेतले, कागद नाही. कंपनीवाले म्हणत असतील, “आम्ही विकत घेतलं.” कायदा असं म्हणत नाही. कॉपीराईट दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी, लेखकाच्या सहीनेच करावा लागतो. तोंडी व्यवहाराने मालकी जात नाही. तुम्ही कंपनीचे पगारी नोकर असता आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असतं, तर मालक कंपनी ठरली असती. तुम्ही तसे नव्हता. म्हणजे मालकी आजही तुमच्याकडे आहे. पण ज्या कंपनीने पैसे दिले, तिने ते नाटक रंगमंचावर आणण्यासाठीच दिले होते, हे कोणत्याही न्यायाधीशाला पटेल. त्या कंपनीने केलेल्या प्रयोगांवर भांडू नका. माणुसकीनेही ते बरोबर नाही, आणि खटलाही टिकणार नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही पैसे घेताना कशावर सही केली होती का? साध्या पावतीवर, रेव्हेन्यू तिकीट लावलेल्या चिठ्ठीवर, व्हाउचरवर? नीट आठवा. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक लेखक आले होते. त्यांनी १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं, “सदर नाटकाचे सर्व हक्क दिले.” ते म्हणाले, “वकीलसाहेब, मी तर हात तोडून दिले.” मी कागद दोनदा वाचला. त्यात मुदत कुठेच नव्हती. हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, असं कायद्याच्या १९ व्या कलमात आहे. सही होऊन ७ वर्षं झाली होती. नाटक २ वर्षांपूर्वीच त्यांच्याकडे परत आलेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे आता मी याचं पुस्तक काढू शकतो?” काढलं त्यांनी. पुढच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, त्या पुस्तकाच्या प्रती विकायला ते स्वतः बसले होते.

म्हणून सही केली असेल तर तो कागद, निदान त्याचा फोटो, मिळवा. त्यात “कायमस्वरूपी” असा शब्द असेल तर गोष्ट वेगळी होते, तेव्हा तो कागद एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष दाखवा.

दुसऱ्या मंडळाचं प्रकरण उघड आहे, पण तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. त्यांनी तुमचं नाटक घेतलं की तुमच्यासारखं नाटक लिहिलं, हे आधी ठरवावं लागेल. दारुडा बाप, धाकट्या भावाने हडपलेली जमीन, शेवटच्या अंकात परत येणारी बहीण, एवढ्यावर कुणाचीच मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका हिंदी नाटककाराच्या दाव्यात हेच सांगितलं. त्याचं म्हणणं होतं की सिनेमावाल्यांनी त्याच्या नाटकावरून चित्रपट काढला. न्यायालय म्हणालं, विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, कल्पनेवर कॉपीराईट नसतो. तो हरला. तेव्हा तुमची वही आणि यूट्यूबवरचा प्रयोग शेजारी शेजारी ठेवून बसा. प्रवेशांचा क्रम, पात्रांची नावं, संवाद, विनोदाच्या जागा, प्रत्येक ठिकाणी वहीचं पान आणि व्हिडिओची वेळ लिहून काढा. दोन रात्री जातील, पण माझ्यासारख्या वकिलाला याच कागदाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तो लेखकाशिवाय कुणी करू शकत नाही.

झाडीपट्टीत हे काम अवघडही आहे, कारण आपल्याकडे संहिता कधी स्थिर नसते. तालमी कमी, नट वेगवेगळ्या गावांहून आलेले, सगळा भार प्रॉम्प्टरवर. माझे वडील विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर वही आणि हातात बॅटरी घेऊन रात्री १० पासून कोंबडं आरवेपर्यंत वाचत असायचे. कुठल्या गावात कुठला विनोद पडला, कुठे टाळी आली, ते समासात लाल शाईने लिहायचे आणि पुढच्या गावी तसं वाचायचे. हंगाम संपेपर्यंत निम्मी वही लाल झालेली असे. एका वर्षी ती वही एका कंपनीकडून दुसरीकडे गेली आणि परत आली तेव्हा पहिलं पान फाडलेलं होतं. लेखकाचं नाव त्या पानावर होतं. बाकी सगळं नाटक, लाल शाईसकट, तसंच. वडिलांनी त्या लेखकाला पोस्टकार्ड टाकून माफी मागितली. चूक त्यांची नव्हती. मी १२ वर्षांचा होतो, आणि कॉपीराईट हा शब्द मला माहीत नव्हता, पण काहीतरी चोरीला गेलंय एवढं कळलं होतं.

त्या फाटलेल्या पानासाठी कायद्यात ५७ वं कलम आहे. लेखक म्हणून आपलं नाव लागावं आणि आपल्या कृतीची मोडतोड करून आपली बदनामी होऊ नये, हा हक्क लेखकाकडे राहतो, कॉपीराईट विकला तरीही. लेखक गेल्यावर त्याचे वारस तो मागू शकतात. म्हणून माझा सल्ला असा की त्या मंडळाला पहिली चिठ्ठी पाठवाल ती नावासाठी पाठवा. साधी भाषा, स्पीड पोस्ट, पोचपावती जपून ठेवायची. “हे नाटक माझं आहे. उरलेल्या प्रयोगांच्या पॅम्प्लेटवर आणि घोषणेत माझं नाव लावा, मूळ नाव कंसात द्या, आणि झालेल्या प्रयोगांच्या मानधनाबद्दल बोलायला एक दिवस ठरवा.” एवढंच. माझ्या अनुभवात दहातली सहा-सात प्रकरणं इथेच मिटतात, कारण मंडळाचा अध्यक्ष बऱ्याचदा शेजारच्या गावचाच असतो आणि त्यालाही पुढच्या वर्षी नाटक लागणार असतं.

हे मिटलं नाहीच तर दिवाणी दावा तुमच्याच जिल्ह्यात लावता येतो. मंडळ दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी तिकडे जावं लागत नाही, ही सोय कायद्याने मुद्दाम लेखकाला दिली आहे. कायद्यात फौजदारी गुन्हाही आहे: किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. पण मी ठाण्यात जायचा सल्ला सहसा देत नाही. एकदा दिला होता, आणि दोन गावांतला बेटीव्यवहार थांबेपर्यंत गोष्ट गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यूट्यूबचं म्हणाल, तर घाईने व्हिडिओ काढायला लावू नका. तोच तुमचा पुरावा आहे. आधी तो उतरवून घ्या, पत्त्याची नोंद करा, तारीख आणि पाहणाऱ्यांची संख्या दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग टाकणाऱ्याला मेसेज करा. बहुतेक वेळा तो गावातलाच एखादा पोरगा असतो, ज्याने कौतुकाने रात्रभर मोबाईल धरून शूटिंग केलेलं असतं. त्याला म्हणा, “खाली लेखक म्हणून माझं नाव टाक.” तो आनंदाने टाकेल. मंडळानेच पैसे कमवायला टाकलं असेल तर तक्रार करा. आपल्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार आल्यावर, तिची खात्री पटली तर, वेबसाईटवाल्याला ३६ तासांत ते दिसणं बंद करावं लागतं. पण २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणजे तक्रारीमागे दावा करायची तयारी लागते. नुसतं भीती दाखवायला हे हत्यार उचलू नका, खोटी तक्रार अंगाशी येते.

नोंदणी कराच. साहित्य-नाट्यकृतीला ५०० रुपये फी आहे, अर्ज ऑनलाइन दिल्लीच्या कार्यालयात जातो, आणि अर्जानंतर ३० दिवस कुणाची हरकत येते का याची वाट पाहतात. मग तपासणीला वेळ लागतो. न्यायालयात नोंदणीचा दाखला प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. समोरच्याने तो खोटा ठरवेपर्यंत तुमचं पारडं जड राहतं. दुसरं नाटक कुणालाही वाचायला देण्याआधी हे करा. तोपर्यंत निदान पूर्ण संहितेची पीडीएफ स्वतःला ईमेल करून ठेवा, तारखेची नोंद आपोआप राहते.

इथपर्यंत बाबांची बाजू झाली. आता तुमच्या मित्राची बाजू, आणि तीही मला मनापासून पटते.

कायद्याने स्वतःच बरंच मोकळं ठेवलंय, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. गावातल्या हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक केलं, किंवा देवळाच्या कामासाठी केलं, तर लेखकाची परवानगी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांनी मास्तर आणि पालकांसमोर नाटक केलं, तरी लागत नाही. धार्मिक विधीत, सरकारी समारंभात, लग्नाच्या वरातीत गाणं वाजलं, तरी लागत नाही. दर गणपतीत माझ्याकडे कुणीतरी घाबरून येतं की आरतीला नोटीस येईल का. येणार नाही. तेव्हा तुमची भीती गावाच्या हनुमान मंदिराच्या मंडळाबद्दल असेल तर ती सोडा. त्यांना आधीच मुभा आहे, आणि असावीच. तुमचा वाद फक्त तिकीट लावणाऱ्याशी आहे.

त्यापुढे मोकळं करायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. २००२ पासून जगभर वापरात आहेत. त्यात चार तुकडे असतात आणि तुम्ही ते जोडून घेता: श्रेय द्या, पैसे कमवण्यासाठी वापरू नका, बदल करू नका, आणि बदललंत तर याच अटींवर पुढे द्या. श्रेय सगळ्यात असतं. तुमचं ते फाटलेलं पान इथे आपोआप शिवलं जातं, म्हणून तुमच्यासाठी हा मार्ग मित्र म्हणतो त्याहूनही चांगला आहे.

पण कुठले तुकडे जोडावेत, यावर माझं मत ठाम आहे. “बदल नको” हा तुकडा झाडीपट्टीत लावूच नका. आपलं नाटक रोज रात्री बदलतं. नट चार वाक्यं स्वतःची घालतो, प्रॉम्प्टर दोन गाळतो, त्या दिवशी गावात जे घडलं ते विनोदात येतं. ती अट लावलीत तर पहिल्याच प्रयोगात प्रत्येक जण गुन्हेगार ठरेल, आणि नाटकाचा जीवही जाईल. त्याऐवजी “श्रेय, पैसे कमवण्यासाठी नाही, त्याच अटींवर पुढे” हे तीन घ्या. म्हणजे शाळा, वाचनालय, युवक मंडळ कुणीही तुमचं नाटक वाचेल, करेल, गोंडीत किंवा झाडीबोलीत उतरवेल, तुमचं नाव लावेल. तिकीट लावणारी कंपनी मात्र तुमच्या दारात येईल आणि मानधन ठरवेल. पहिल्या पानावर चार ओळी आपल्या भाषेत लिहा: “गावाच्या कामासाठी तिकीट लावायचं असेल तर आधी फोन करा.” कारण पाच-दहा रुपयांचं तिकीट लावून शाळेचं छत बांधणाऱ्याला नफेखोर म्हणायचं की नाही, यावर परवान्याची भाषा स्पष्ट नाही. तुम्ही स्पष्ट करा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, हा परवाना एकदा दिला की ज्याने त्या अटींवर घेतलं त्याच्याकडून परत घेता येत नाही. उद्या मुंबईचा निर्माता आला तरी गावातली प्रत मोकळीच राहील. म्हणून माझं म्हणणं, दुसरं नाटक लगेच मोकळं करू नका. झाडीपट्टीत नाटकाचं कमाईचं आयुष्य ३-४ हंगामांचं असतं. तेवढं ते कमवू द्या. कंपनीशी लेखी करार करा: कुठले हंगाम, किती प्रयोग, प्रत्येक प्रयोगामागे किती, नाव कुठे लागेल, शूटिंगची परवानगी आहे की नाही. एक पान पुरतं. करार संपला की मोकळं करा. दुसरी गोष्ट, तुमच्या नाटकात सिनेमाच्या चाली असतील. त्या तुमच्या नाहीत, त्यामुळे त्या तुम्ही मोकळ्या करू शकत नाही. संहितेत फक्त तुमचे शब्द ठेवा आणि चालीच्या जागी “इथे गाणं” एवढंच लिहा.

या बाबतीत मला सेवाग्रामचा म्हातारा नेहमी आठवतो. १९१० साली दक्षिण आफ्रिकेतून ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा गांधीजींनी तिच्यावर “कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत” असं छापलं होतं. आणि त्याच गांधीजींनी पुढे, १९४० च्या मृत्युपत्रात, आपल्या लिखाणाचे हक्क नवजीवन ट्रस्टला दिले. यात मला विसंगती दिसत नाही. लिखाण माणूस बघून, काळ बघून कधी मोकळं सोडावं लागतं आणि कधी कुणाच्या तरी जबाबदार हातात द्यावं लागतं. २००८ संपलं तेव्हा त्या हक्कांची मुदतही संपली आणि ते लिखाण सगळ्यांचं झालं.

ही मुदत कशी मोजतात ते आजोबांच्या वहीसाठी कळायला हवं. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची मुदत कायद्याच्या हिशेबाने ३१ डिसेंबर २०२८ ला संपते. आजोबा कोणत्या साली गेले ते तुम्ही लिहिलं नाही. वही छापली गेली नाही, म्हणून कुणी तुम्हाला सांगेल की अप्रकाशित लिखाणाची मुदत छापल्यापासून सुरू होते. ते अर्धं खरं आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की जाहीर प्रयोग झाला असेल तर ते लिखाण प्रकाशित झालं असं धरायचं. आजोबांनी ती गाणी दंडारीत, चार गावांसमोर म्हटली असणारच. म्हणून त्यांच्या मृत्यूपासूनच मोजा.

पण त्याही आधी विचारा, त्या गाण्यांतली आजोबांची किती? दंडारीची बरीच पदं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. त्यांचा कर्ता माहीत नाही, त्यावर कुणाचा कॉपीराईट नाही, आणि आपल्या कायद्यात लोककलेसाठी वेगळं संरक्षणही नाही. आजोबांनी स्वतः रचलेलं जे असेल, बहुधा शेवटच्या ओळीत त्यांचं नाव गुंफलेलं असेल, तेवढं त्यांचं. वही घेऊन गावातल्या जुन्या दंडारवाल्याकडे बसा आणि एकेका गाण्यापुढे लिहा: “परंपरागत” किंवा “आजोबांचं”. सगळ्यावर आजोबांचं नाव टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. परंपरागत गाण्यावर एका घराण्याने नाव लावलं की शेजारच्या गावचा म्हातारा तेच गाणं म्हणायला बिचकतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

तो म्हातारा गात असताना तुम्ही ध्वनिमुद्रण केलंत तर त्याचाही हक्क तयार होतो, हे लक्षात ठेवा. गाणं परंपरेचं असलं तरी त्याचं गाणं त्याचं आहे. कायद्यात कलाकार म्हणजे नट, गायक, नर्तक तर आहेतच, डोंबारी आणि गारुडीसुद्धा नावानिशी आहेत. त्यांचा हक्क ५० वर्षं चालतो. त्यांची लेखी संमती घ्या. सही येत नसेल तर मोबाईलवर त्यांच्या तोंडून घ्या आणि अंगठा घ्या.

इथे मला कायद्यावर राग येतो, तोही सांगतो. ६० वर्षं ही मुदत पूर्वी ५० होती, १९९२ साली वाढवली, कारण रवींद्रनाथ ठाकुरांच्या लिखाणाची मुदत संपत आली होती. आंतरराष्ट्रीय कराराला ५० पुरतात. एका महाकवीसाठी वाढवलेल्या त्या १० वर्षांचा आपल्या लेखकाला कवडीचा फायदा नाही, पण त्याची नाटकं मात्र तेवढी जास्त वर्षं कुलपात राहतात. वडशाच्या कित्येक जुन्या कंपन्या बंद पडल्या, लेखक गेले, वारस कुठे आहेत कुणाला माहीत नाही. ती नाटकं कुणी छापत नाही, कारण परवानगी कुणाची घ्यायची तेच कळत नाही. अशा बेवारस लिखाणासाठी कायद्यात वाट आहे, पण ती बघा कशी: देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आधी जाहिरात द्यायची, मग परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि २०२१ पासून तो अर्ज वाणिज्य न्यायालयापुढे. देसाईगंजच्या एका जीर्ण वहीसाठी, जिचा वारस असलाच तर तो धानाच्या बांधीत असेल, इंग्रजी पेपरात जाहिरात! ती जाहिरात मराठी दैनिकात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चालावी, एवढी सुधारणा जरी झाली तरी शेकडो नाटकं वाचतील. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना मानधनाचा जो न सोडता येणारा हक्क दिला, तसाच रंगमंचाच्या लेखकालाही द्यायला हवा. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळी झाडीपट्टी आनंदली. त्या रंगमंचाला शब्द देणाऱ्याला मात्र आजही एकरकमी पैसे घेऊन घरी जावं लागतं.

पण कायदा बदलेपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ नाही. धान कापणीला आलं की कंपन्यांचं बुकिंग सुरू होईल. त्याआधी पहिल्या नाटकाची तुलना लिहून काढा आणि मंडळाला नावासाठी चिठ्ठी पाठवा. दुसऱ्या नाटकाची नोंदणी टाका आणि करार केल्याशिवाय संहिता हातची सोडू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. पहिलं नाटक, त्याचा हिशेब मिटला की, त्या तीन अटींवर मोकळं करा. त्याचे हंगाम होऊन गेलेत, आता ते जितकं फिरेल तितकं तुमचं नाव फिरेल.

आजोबांची वही मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती पूर्ण मोकळी व्हावी असं वाटतं. पण ती एकट्या तुमची नाही. आजोबांच्या रचनांचा हक्क सातबाऱ्यासारखाच सगळ्या वारसांकडे गेलाय, त्यात तुमच्या आत्याही आल्या. फेरफाराच्या वेळी बहिणींची सही घेतात आणि त्या हसत देतात, पण गाण्यांच्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही. विचारा. विकिमीडियावर (विकिपीडियाच्या मोकळ्या संग्रहावर) ठेवायची असेल तर “पैसे कमवण्यासाठी नको” ही अट तिथे चालत नाही, फक्त श्रेय आणि त्याच अटींवर पुढे, एवढ्याच चालतात, हेही त्यांना समजावून सांगा. सगळ्यांची सही एका कागदावर घ्या. आणि आत्यांकडे जाताना वहीची झेरॉक्स न्या, मूळ वही घरीच ठेवा. त्या गाणी म्हणून दाखवतील, तेव्हा मोबाईल चालू ठेवा. वहीत नसलेली एक-दोन त्यांना नक्की येत असतील.